‘आधी स्वतः लिहून दाखवा’ : वादात टीकाकाराने नेमकं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीवर तुम्ही प्रतिकूल परीक्षण लिहिलंत आणि त्यावर तीन तऱ्हेची उत्तरं आली. ‘आधी स्वतः एक कादंबरी लिहून दाखवा.’ ‘तुमचा बोलविता धनी कोण?’ आणि ‘हा आमच्या अस्मितेवर घाला आहे.’ तेव्हा साहित्य, राजकारण, समाज यांवरच्या भांडणांत टीकाकाराचं काम तरी काय, त्याने बाजू घ्यायची की शिट्टी घेऊन पंच व्हायचं, असं तुम्ही विचारता. सोबत जोडलेलं परीक्षणही मी दोनदा वाचलं. तीसेक वर्षं मी परीक्षणं लिहितो आहे आणि त्यातली बारा वर्षं एका मासिकासाठी दुसऱ्यांची तपासलीही आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल. तुमच्या मजकुराबद्दल शेवटी बोलतो.

‘लिहून दाखवा’चा निकाल आधी लावू, कारण तो हजार वर्षांपूर्वी लागलेला आहे. दहाव्या शतकाच्या आसपासच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे दोन प्रकार केले. कारयित्री म्हणजे रचणाऱ्याची आणि भावयित्री म्हणजे आस्वाद घेऊन पारख करणाऱ्याची. तिथेच एक जुना दाखला येतो : एक दगड सोनं प्रसवतो, पण त्या सोन्याची परीक्षा करणारा दगड वेगळाच असतो. कसोटीच्या दगडाला ‘तू आधी सोनं हो’ असं कुणी म्हणत नाही. हा दाखला तुम्ही तोंडावर फेकून मोकळे व्हाल, म्हणून पुढचंही सांगतो. त्याच राजशेखराने पारख्यांचेही चार प्रकार सांगितलेत. अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही तो. सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सगळं गिळणारा, ज्याला सगळंच छान वाटतं. तिसरा मत्सरी, त्याची ओळख करून द्यायला नको. चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे मुद्द्याच्या गाभ्याला धरून राहणारा, आणि हा हजारांत एखादाच असतो म्हणे. माझ्या अनुभवात माणूस एकाच प्रकारात बसत नाही. सोमवारी अरोचकी असलेला टीकाकार मित्राच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला गेला की गवतासकट जेवतो.

आता शब्दाकडे वळू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. आज ‘टीका केली’ म्हटलं की झोडपलं, असाच अर्थ होतो. पण ‘शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ ही ओळ आपल्याला पाठ असते, म्हणजे इ.स. १२९०. तिथे ज्ञानेश्वर गीतेवर तुटून पडलेले नाहीत. टीका म्हणजे उलगडा. मूळ ग्रंथात काय आहे, ते कुणासाठी आहे, कुठे अवघड आहे, हे उघडून दाखवणं. दोष काढणं हा अर्थ नंतर चिकटला आणि मग भल्या माणसांनी त्यापासून दूर राहण्यासाठी ‘समीक्षा’ हा सोवळा शब्द घेतला. माझं म्हणणं असं की शब्द कुठलाही घ्या, पण पहिलं काम उलगड्याचंच आहे. पुस्तक असो, पुढाऱ्याचं भाषण असो की सामाजिक मागणी, आधी ते काय म्हणतंय हे इतक्या चोखपणे सांगायचं की म्हणणाऱ्यानेच म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ मगच ‘आणि ते मला पटत नाही’ हे वाक्य लिहायचा हक्क मिळतो.

याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची कुठलीच बाजू न मांडता केवळ समोरच्याची पाडायची, ती वितंडा. बघा, आपण ‘वितंडवाद’ असा जोडशब्द करून टाकला आणि दोन्हींतला फरकच पुसला! त्याच शास्त्रात ‘छल’ नावाची एक लबाडी सांगितली आहे. कुणी म्हणालं, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. छल करणारा म्हणतो, ‘कुठे आहेत नऊ? मला तर एकच दिसते!’ ‘नव’चे दोन अर्थ होतात, त्यातला बोलणाऱ्याला नको असलेला उचलायचा आणि त्यावरून त्याला खोटं पाडायचं. गेल्या महिनाभरातले कुठलेही पाच राजकीय वाद काढा, त्यातल्या तिघांत नऊ घोंगड्यांचा शोध चाललेला असेल.

पूर्वपक्ष नीट न मांडल्यामुळे मी स्वतः कसा तोंडघशी पडलो ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऊसतोड कामगार बाईंचं आत्मकथन माझ्याकडे अभिप्रायार्थ आलं. लहान प्रकाशक, साधी बांधणी. पुस्तकात सात हंगामांची सात प्रकरणं होती आणि प्रत्येकाची सुरुवात जवळपास तीच. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे घेतले, पोरं सासूकडे ठेवली किंवा बरोबर घेतली, ट्रकमध्ये भांडी भरली, फडावर पोचून खोपी उभी केली. मग पहाटेचा कोयता, मोळ्या, ट्रॅक्टर भरणं, वाढे म्हणजे उसाचे शेंडे विकणं, आणि शेवटी हिशेबात उचल फिटलीच नाही. पुढच्या प्रकरणात पुन्हा मुकादम, पुन्हा उचल. मी लिहिलं की अनुभव दाहक आहे, परंतु ‘पुनरुक्तीमुळे रचना सैल होते, कुशल संपादकाने सातांची तीन प्रकरणं केली असती.’ वाक्य मला तेव्हा फार ऐटदार वाटलं होतं.

महिनाभराने बाईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बहुधा मुलाचं, मजकूर त्यांचा. चार ओळी होत्या. त्यातली एक अशी : ‘दरसाल तेच झालं, तर म्या येगळं काय लिवू?’

मी पुस्तक पुन्हा काढलं. या वेळी प्रकरणांच्या सुरुवाती एकाखाली एक ठेवून वाचल्या. तेव्हा दिसलं की त्या सारख्या नव्हत्याच. पहिल्या हंगामात ‘आमी उचल घेतली’ होतं. तिसऱ्यात ‘उचल घ्यावी लागली’. पाचव्यात ‘मुकादमानं उचल टाकली’. सातव्यात उचल घेतल्याचं वाक्यच नव्हतं, थेट ट्रक होता. कर्ता हळूहळू वाक्यातून बाहेर गेला होता. हे बाईंनी ठरवून केलं की आपसूक झालं, ते मला माहीत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. मी ज्याला सैल रचना म्हणालो होतो तीच त्या पुस्तकाची रचना होती. ‘कथानक पुढे सरकलं पाहिजे’ ही माझी अपेक्षा ज्याचं आयुष्य पुढे सरकतं त्याची होती. ज्याचा हिशेब दर वर्षी शून्याखाली जातो त्याच्या पुस्तकाला ती लावताना मी साधा प्रश्नही विचारला नव्हता की हे पुस्तक असं का आहे.

दलित आत्मकथनं येऊ लागली तेव्हाही हाच तिढा पडला होता. हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज, असं विचारलं गेलं. त्यावर शरद पाटील, शरणकुमार लिंबाळे यांच्यासारख्यांनी मापट्यालाच हात घातला : तुमचं सौंदर्यशास्त्र कुणाच्या सुखवस्तूपणातून आलंय ते आधी बघा. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. ‘अनुभव खरा म्हणून लेखन चांगलं’ ही उडी मला अजूनही जमत नाही, आणि त्या बाईंचं पुस्तकही अनुभवामुळे नव्हे तर क्रियापदांमुळे मोठं आहे असं मी म्हणेन. पण मापटं तपासायला लावणं ही टीकाच होती, आणि ती मला पुस्तकांतून कळायच्या ऐवजी पोस्टकार्डावरून कळली.

पूर्वपक्ष मांडून झाला की दुसरं काम. भांडण नेमकं कशावरून आहे ते दाखवणं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक मोठ्या वादांत दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

१८९१चा संमतिवयाचा कायदा घ्या. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, लग्न झालेलं असलं तरी. शाळेत आपण शिकतो की आगरकर बाजूने आणि टिळक विरोधात. म्हणजे एक पुढे बघणारा आणि एक मागे, असं चित्र मनात बसतं. पण कागद वाचले की गुंता दिसतो. टिळकांनी उलट सुचवलं होतं की सुधारणा हवी असणाऱ्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं आणि मुलींची लग्नं सोळाच्या आधी करू नयेत. कायद्यातल्या वयापेक्षा हे चार वर्षांनी जास्त! तेव्हा ‘मुलींची लवकर लग्नं बरी की वाईट’ हा त्यांच्यातला मुख्य प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की परक्या सरकारला आपल्या घरात कायदा करू द्यायचा का. आगरकरांचा सवाल दुसराच होता. समाज आपणहून बदलेपर्यंत ज्या मुलींचं व्हायचं ते होत राहणार, त्यांचं काय? एक जण अधिकार कुणाचा ते विचारतोय, दुसरा तोवर किंमत कोण मोजतंय ते.

हा भेद दाखवला म्हणजे टीकाकार तटस्थ झाला असं नाही. उलट आता बाजू घेणं त्याला शक्य होतं, कारण कशाच्या बाजूने ते कळलेलं असतं. मी या वादात आगरकरांच्या बाजूचा आहे. स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबा, हे दहा वर्षांच्या मुलीला सांगता येत नाही. आणि ती सोळा वर्षांची सूचना मला कायदा टाळायची चतुर चाल वाटते, कारण ती पाळली नाही तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. पण हे मी टिळकांचं म्हणणं मांडून मग म्हणतोय. ‘टिळक बालविवाहाचे समर्थक होते’ असं लिहून म्हटलं असतं तर ती नववी घोंगडी झाली असती.

आगरकरांबद्दल एक जाता जाता. १८८७ साली ते ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला, आणि जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली. तुम्हाला तीन बोचऱ्या प्रतिक्रिया आल्या म्हणून तुम्ही खचला आहात, म्हणून आठवण दिली.

दुसरी एक जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे चांगल्या टीकाकाराची वाईट टीका दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी जी धार आणली ती नाकारता येत नाही, ग्रंथपरीक्षण हा प्रकारच त्यांनी आपल्याकडे रुजवला. पण जोतीराव फुल्यांचं लेखन समोर आलं तेव्हा या माणसाने काय केलं? भाषेची, व्याकरणाची, शुद्धलेखनाची यथेच्छ टर उडवली. ‘गुलामगिरी’ १८७३ची. तिच्यात जो सवाल आहे, ज्ञान आणि सत्ता एकाच जातीच्या हाती कशी राहिली, त्याला सरळ भिडण्याऐवजी लेखकाच्या विभक्ती मोजल्या. शुद्धलेखनाची चूक दाखवण्यात गैर काही नाही. मीही दाखवतो. पण मुद्दा नको असला की चूक फार मोठी दिसू लागते, हे मी स्वतःच्याच जुन्या परीक्षणांतही पाहिलं आहे. ज्या पुस्तकांच्या मुद्रणदोषांची मी यादी दिली, त्यांतली निम्मी मला दुसऱ्याच कारणाने आवडलेली नव्हती.

फुल्यांनी उत्तर दिलं ते कुठल्या पुस्तकाला नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती, त्यांना न्यायमूर्ती रानड्यांकडून बोलावणं आलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. आशय असा की सर्वांना माणुसकीचे हक्क द्यायला जे मनापासून तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही; आमची दुःखं त्यांच्या लिखाणात उतरत नाहीत. त्या पत्रात ते या मंडळींना ‘घालमोडे दादा’ म्हणतात. मराठी टीकेतला हा मला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. पुस्तकात काय आहे हे सगळेच बघतात. पुस्तकांच्या अख्ख्या कपाटात काय नाही, आणि सभागृहात कोण बसलेलं नाही, हे बघणारा टीकाकार विरळा. साहित्य, राजकारण आणि समाज यांच्या सीमा कुठे आहेत असं कुणी विचारलं तर मी ते पत्र पुढे करतो. सीमा त्यात सापडत नाहीत.

आता तुमच्या प्रांताकडे येऊ, म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. इथे टीकाकाराला तिसरं काम येतं : हे कुठून आलं ते विचारणं. संभाजी महाराजांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. शंभरावर वर्षं नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी त्यांना रागीट, व्यसनी, विलासी असंच रंगवलं. लोकांना ते खरं वाटलं, कारण बखरीत तसं होतं. बखर कुणाची? मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली. म्हणजे महाराज गेल्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. आणि हे चिटणीस कोणाच्या घराण्यातले? बाळाजी आवजींच्या, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता. एवढी एक गोष्ट कळली की सगळी बखर वेगळी वाचली जाते. ती लगेच खोटी ठरत नाही, पण साक्षीदाराचं नातं कळल्यावर साक्ष जशी तोलून घेतात तशी घ्यावी लागते. वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली चरित्र आणलं, पुढे कमल गोखल्यांनी काम केलं, आणि चित्र पालटलं.

पण गंमत पुढे आहे. चित्र पालटलं म्हणून टीकाकाराचं काम संपलं नाही. आता उलट्या बाजूने निर्दोष, जवळजवळ देवरूप नायक आला, आणि त्याच्याबद्दल ‘हे कुठून आलं’ विचारलं की अस्मिता दुखावते. म्हणजे जो प्रश्न विचारल्यामुळे त्या राजाची बदनामी दूर झाली, तोच प्रश्न आज विचारू नका म्हणतात. तुम्हाला अस्मितेचं उत्तर देणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की बेंद्र्यांनी मान खाली घालून बखर मान्य केली असती, तर आज अभिमान बाळगायला तुमच्याकडे जुन्या नाटकांतला संभाजी उरला असता.

न्यायालयाची गोष्टही इथेच येते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या, त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला चालला, तो १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांच्या बाजूने संपला. अशा खटल्यांत साहित्यातली जाणकार मंडळी साक्षीला उभी राहतात. काय सांगतात ती? बहुतेक वेळा इतकंच की अधोरेखित केलेल्या परिच्छेदाच्या आधीचं आणि नंतरचं पानही वाचा. हे वाक्य पात्राचं आहे, लेखकाचं नाही. या पात्राला लेखक शाबासकी देतोय की उघडं पाडतोय ते शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. इतकं साधं काम, पण दर पिढीत ते नव्याने करावं लागतं, कारण कात्री वापरणं वाचण्यापेक्षा केव्हाही सोपं. मर्ढेकरांच्या बाबतीत तर आणखी मौज. कवितेवर दुर्बोधतेचा आणि बीभत्सतेचा ओरडा झाला, मग काही टीकाकारांनी वर्षानुवर्षं त्या कविता सोडवून दाखवल्या, आणि आज त्याच पाठ्यपुस्तकात बसल्या. इथे ‘टीका’ हा शब्द पुन्हा त्या १२९०च्या अर्थाने खरा झाला.

सत्तेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण या विषयावर गरजेपेक्षा जास्त भाषणं झालेली आहेत. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. देशात आणीबाणी, अध्यक्षपदी दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून बाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढे तुरुंगातही गेल्या. हे धैर्य सर्वांना ठाऊक आहे. मला त्यापेक्षा त्याआधीची कित्येक वर्षं दिसतात. लोकसाहित्य, धर्म, महाभारत यांवर त्यांनी ज्या बारकाईने वाचलं-लिहिलं, त्या बारकाईमुळे त्या दिवशीच्या शब्दांना वजन आलं. नरहर कुरुंदकरांचंही तसंच. मराठी कादंबऱ्यांवर लिहिणारा, मनुस्मृतीवर बोलणारा आणि राजकारणावर बोलणारा माणूस एकच होता, आणि तिन्हीकडे रीत एकच : समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून भक्कम करून मांडायचं. १९८२च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्याख्यानाच्या मंचावरच ते गेले, पन्नाशीच्या आत. राजकारणावर बोलण्यासाठी टीकाकाराने वेगळा गळा काढायची गरज नसते. पुस्तक वाचताना जी शिस्त, तीच तिथे.

ती शिस्त सुटली की काय होतं ते डिसेंबर २०२२मध्ये दिसलं. तुरुंगातल्या आठवणींच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला, मूळ लेखकाच्या माओवादी संबंधांच्या आरोपांवरून आवाज उठला, आणि काही दिवसांतच शासनाने पुरस्कार रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. चर्चा पेटली तेव्हा मी ओळखीच्या दहाबारा जणांना एकच विचारलं, अनुवाद कसा आहे? वाचलेला एकही नव्हता, ना रद्द करा म्हणणाऱ्यांत, ना निषेध करणाऱ्यांत. तिथे खरं तर तीन प्रश्न होते. अनुवाद चांगला झालाय का, हा भाषेच्या जाणकाराचा प्रश्न. पुस्तक हिंसेचे गोडवे गातं का, हा वाचकाचा प्रश्न, आणि तो पानं उलटूनच सुटतो. सरकारी पैशाने कशाचा गौरव करावा, हा राजकीय प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर देताना पहिल्या दोघांची उत्तरं परस्पर ठरवून टाकली गेली. जाणकारांची समिती नेमायची आणि तिचा निर्णय गैरसोयीचा झाला की समितीच मोडायची, हे मला साफ अमान्य आहे, सरकार कुणाचंही असो. पण आमच्या बाजूच्या मंडळींनीही निषेधाच्या पत्रकावर सह्या करण्याआधी पुस्तक उघडायला हवं होतं. सह्या एका दुपारी जमल्या. पुस्तक वाचायला चार दुपारी लागतात.

आणि धंद्यातली घाण आपणच झाडली पाहिजे. ‘बोलविता धनी कोण’ हा प्रश्न लोक उगाच विचारत नाहीत. मासिकात ‘साभार पोच’ची यादी असते, त्यातलं कुठलं पुस्तक परीक्षणाला जाणार आणि कुठलं यादीतच राहणार हे अनेकदा लेखकाच्या फोनवर ठरतं. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणारा, प्रकाशनाला बोलणारा आणि महिन्याने परीक्षण लिहिणारा हा एकच गृहस्थ असल्याचं मी कितीदा तरी पाहिलंय. उंटाच्या लग्नात गाढव गायला आणि दोघं एकमेकांना म्हणाले, ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’. संपादक असताना मी एक साधा नियम केला होता : लेखकाशी तुमचं जे काही नातं असेल ते परीक्षणाच्या खाली एका ओळीत लिहा. सहा महिन्यांत माझे चार लिहिणारे कमी झाले. वाचकांची पत्रं मात्र वाढली.

आता तुमचं परीक्षण. पहिले दोन परिच्छेद काढून टाका. त्यांत तुम्ही म्हणता की लेखकाने ही कादंबरी ‘खपासाठी आणि विशिष्ट मतपेढीला खूश करण्यासाठी’ लिहिली. तुम्हाला कसं कळलं? हेतू मनात असतो, पानावर नसतो, आणि तुमच्यावर ‘बोलविता धनी’चा जो आरोप झाला तो याच जातीचा आहे, तुम्ही आधी केलात इतकंच. तिसऱ्या परिच्छेदात ‘इतिहासात असं काही घडलेलं नाही’ हे वाक्य तीनदा येतं. एकदाही आधार नाही. पत्र, शकावली, बखर, जे असेल ते नाव-पानासकट द्या, नसेल तर ‘मला आधार सापडला नाही’ असं लिहा. त्या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

चौथ्या परिच्छेदात मात्र तुम्ही खरं काम केलंय आणि ते तळाशी गाडून ठेवलंय. चारशे पानांत नायिका फक्त अकरा वेळा बोलते आणि प्रत्येक वेळी नायक परत कधी येणार एवढंच विचारते, हे तुमच्याखेरीज कुणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. लेखकाने प्रस्तावनेत ‘त्या काळातल्या स्त्रीला वाचा दिली’ असं म्हटलंय, तेही तुम्हीच उद्धृत केलंय. हा झाला त्याचा पूर्वपक्ष, त्याच्याच शब्दांत. त्याच्यासमोर ते अकरा संवाद ठेवा. तिथे कादंबरी लिहून दाखवायची गरज नाही, धनी शोधायची सोय नाही, आणि अस्मितेचा तर प्रश्नच येत नाही, कारण तुम्ही लेखकाला त्याच्याच दाव्यावर तोलता आहात.

परिच्छेद वर घ्या, तिथून सुरुवात करा. अकरांपैकी सात संवादांचे पृष्ठक्रमांक तुम्ही दिले आहेत, चार राहिले आहेत. तेवढे घालून पुन्हा पाठवा.